कटिंग-ब्रेझिंगच्या टॉर्चचे हँडल पुन्हा पुन्हा का जाते? कारणांचा शोध आणि टिकाऊ हँडलची निवड

फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये एक तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. टॉर्चचे नवे हँडल काही महिने बरे चालते. मग चावी घट्ट बंद करूनही नोझलच्या तोंडाशी गॅसचा वास येऊ लागतो, कटिंग चालू असताना मध्येच फट् फट् आवाज होऊन ज्योत विझते, ब्रेझिंगची (कमी तापमानाला वितळणारी सळई वितळवून धातू सांधण्याची) ज्योत लावली तशी राहत नाही, आणि एखाद्या दिवशी हँडल हातात धरवणार नाही इतके तापते. मग ‘माल हलका निघाला’ असे म्हणून दुसऱ्या कंपनीचे हँडल आणले जाते आणि तेही त्याच वाटेने जाते. माल हलका असतो हे अनेकदा खरे असते, पण कारण तेवढेच नसते. जुने हँडल नेमके कोठे आणि कशाने बिघडले हे न पाहता आणलेले नवे हँडल कितीही महाग असले तरी टिकत नाही, कारण त्याची नासाडी करणारी गोष्ट बहुधा नळीत, रेग्युलेटरवर, नोझलमध्ये किंवा चावी पिळण्याच्या सवयीत तशीच शिल्लक असते. म्हणून विषय निवडीचा असला तरी सुरुवात जुन्या हँडलच्या तपासणीने करणे मला आवश्यक वाटते.

येथे विचार केला आहे तो एकाच हँडलवर कधी कटिंगचा जोड तर कधी ब्रेझिंगची नळी बसवता येते अशा टॉर्चचा. गेट-ग्रिल करणारा फॅब्रिकेटर, साखर कारखान्यात गाळप संपल्यावर दुरुस्तीची कामे घेणारा ठेकेदार, ट्रॅक्टरची अवजारे दुरुस्त करणारे वर्कशॉप, अशा सर्वांकडे साधारण हीच टॉर्च असते. तिच्या मागच्या टोकाला दोन नळ्या जोडल्या जातात, एक ऑक्सिजनची आणि एक जळणाऱ्या गॅसची, म्हणजे ॲसिटिलीनची किंवा एलपीजीची; ऑक्सिजनच्या बाजूचे आटे उजवे असतात, गॅसच्या बाजूचे डावे असतात आणि गॅसच्या नटाच्या कडांवर ओळखीची खाच असते. हँडलच्या आत दोन्ही वायूंचे मार्ग पुढच्या डोक्यापर्यंत वेगवेगळे जातात. प्रत्येक मार्गावर एक सुईचा व्हॉल्व्ह असतो, ज्याला आपण चावी म्हणतो. पुढच्या डोक्यात शंकूच्या आकाराची बैठक असते, आणि बसवायच्या जोडाच्या मागच्या टोकाला बहुधा दोन ओ-रिंगा (रबराच्या गोल कड्या) असतात, ज्या ऑक्सिजन आणि गॅस यांना मिश्रणाच्या जागेपर्यंत एकमेकांपासून दूर ठेवतात. आतल्या नळ्यांचे सांधे पुष्कळ हँडलांमध्ये चांदीमिश्रित सळईने ब्रेझ केलेले असतात, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

गळती नेमकी कोठे आहे?

तपासणी मोकळ्या हवेत आणि जवळपास कोणतीही आग, ग्राइंडिंग किंवा वेल्डिंग चालू नसताना करावी. टॉर्चच्या दोन्ही चाव्या बंद ठेवून रेग्युलेटरवर ऑक्सिजनचा दाब साधारण २ बार आणि गॅसचा ०.३ बार लावावा, मग सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद करून रेग्युलेटरचा पेच एक फेरा सैल करावा आणि पाच-दहा मिनिटे गेजकडे पाहावे. जास्त दाबाच्या गेजचा काटा उतरला तर गळती सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्या सांध्यात आहे; कमी दाबाच्या गेजचा काटा उतरला तर ती नळीत, नळीच्या सांध्यात किंवा हँडलमध्ये आहे. एवढ्या साध्या चाचणीने निम्मा संशय दूर होतो, आणि हँडलवर नाहक आळ घेतला जात नाही.

नंतर प्रत्येक सांध्याला फेस लावावा. येथे तेलकट साबण वापरू नये, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनशी तेल किंवा ग्रीस यांचा संबंध आला की ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतो. गळती तपासण्यासाठी मिळणारा तेलविरहित द्रव उत्तम. फुगे मागच्या नटाशी येतात, चावीच्या दांड्याभोवती येतात, की डोके आणि जोड यांच्या सांध्यातून येतात, हे नीट पाहून लिहून ठेवावे. शेवटी नोझलचे टोक पाण्याच्या बादलीत बुडवावे आणि आधी केवळ ऑक्सिजन, मग केवळ गॅस असा एकेका बाजूला दाब देऊन पाहावे. चाव्या बंद असताना नोझलमधून बुडबुडे आले, तर सुई बैठकीवर बसत नाही हे निश्चित. या चाचणीनंतर नोझलमधले पाणी ऑक्सिजनच्या झोताने पूर्ण काढून टाकल्याशिवाय ज्योत लावू नये.

ऑक्सिजनच्या गळतीकडे फार कमी लोक लक्ष देतात, कारण तिला वास नाही आणि तो वायू स्वतः जळत नाही. पण टाकीत, पाइपात किंवा बंद खोलीत ऑक्सिजन साचला तर अंगावरचे सुती कपडेसुद्धा एका ठिणगीने भडकतात. उलट एलपीजी हवेहून जड असल्यामुळे खड्ड्यात, चरात आणि तळघरात जाऊन बसतो. चावीतून थोडेसे येणारे गळणे काम चालू असताना जाणवत नाही. जेवणाच्या सुटीत टॉर्च टाकीच्या आत ठेवून माणसे बाहेर येतात तेव्हा ते जिवावर बेतते. सुटीच्या वेळी टॉर्च बाहेर काढणे आणि सिलिंडर बंद करणे हा नियम हँडल नवे असो वा जुने, पाळलाच पाहिजे.

चावी पिळण्याचे परिणाम

हँडल गेल्याच्या तक्रारींमध्ये सर्वांत जास्त वाटा चावीचा असतो. सुईच्या व्हॉल्व्हमध्ये पोलादी किंवा स्टेनलेसची टोकदार दांडी पितळी बैठकीवर टेकते, आणि पितळ मऊ असते. दोन बोटांनी बंद होणारी चावी कोणी मूठ आवळून बंद केली, तर बैठकीत बारीक खळगा पडतो. मग तिला बंद करण्यासाठी रोज थोडा अधिक जोर लागतो, त्या जोराने खळगा आणखी खोल होतो, आणि अखेरीस पक्कड लावून चावी फिरवण्याची वेळ येते. त्या अवस्थेला पोचलेल्या हँडलची चावी हळू उघडतही नाही; ती एकदम मोकळी होते, आणि म्हणूनच ब्रेझिंगची नाजूक ज्योत लावता येत नाही अशी तक्रार येते.

दाब पूर्ण काढून, ग्लँड नट (चावीच्या दांड्याभोवतीचे पॅकिंग आवळणारा नट) सोडवून सुई बाहेर काढावी आणि उजेडात फिरवून पाहावी. तिच्या शंकूवर बैठकीने उमटवलेले एक चमकदार कडे दिसते. ते कडे बारीक, सर्व बाजूंनी सारखे आणि अखंड असेल तर बैठक चांगली आहे. ते रुंद झाले असेल तर चावी पिळली गेली आहे. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पुसट असेल तर दांडी वाकली आहे, आणि ते बहुधा हँडल चावीवर पडल्यामुळे होते. कड्याला आडवा ओरखडा असेल तर नळीतून आलेला कण सुई आणि बैठक यांच्यामध्ये चिरडला गेला आहे. तीन खुणा तीन वेगळ्या कारणांकडे बोट दाखवतात, आणि नवे हँडल आणण्यापूर्वी त्यांतले आपले कारण कोणते हे ठरवले पाहिजे. सुई बदलून काम होत असेल तर तीच बदलावी. बैठकीवर पॉलिश पेपर किंवा व्हॉल्व्ह घासण्याची पेस्ट मुळीच वापरू नये, कारण पेस्टमध्ये तेल असते आणि घासलेले कण पुढच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतात.

दांड्याभोवती फुगे येत असतील तर दोष बैठकीचा नसून पॅकिंगचा असतो. ग्लँड नट एक-अष्टमांश फेरा आवळून पाहावा. त्याने गळती थांबली आणि चावी अजून सहज फिरत असेल तर काम झाले. चावी जड होईपर्यंत नट आवळावा लागत असेल तर पॅकिंग संपले आहे आणि ते त्याच कंपनीचे नवे घालावे. दांड्याला टेफ्लॉन टेप किंवा सुताचा धागा गुंडाळण्याची जी पद्धत प्लंबिंगमधून आली आहे, तिला येथे थारा नको. मागच्या नळीच्या नटावरही टेप गुंडाळू नये, कारण तेथे गॅस अडवण्याचे काम आटे करत नाहीत. निपलचे गोल तोंड बैठकीवर बसते आणि धातूवर धातू दाबला जाऊन सांधा बंद होतो. टेपचा तुटलेला तुकडा मात्र हमखास सुईपर्यंत पोचतो.

ओ-रिंग आणि डोक्यातील बैठक

दिवसातून अनेकदा कटिंगचा जोड काढून ब्रेझिंगची नळी लावणाऱ्यांकडे ओ-रिंगांची झीज अधिक होते. कापली गेलेली मागची ओ-रिंग बाहेर फुगे दाखवेलच असे नाही. ती आतल्या आत ऑक्सिजन आणि गॅस यांना मिश्रणाच्या जागेपूर्वीच एकत्र येऊ देते, आणि मग नोझल, दाब, नळी सारे ठीक असूनही फटफट थांबत नाही. असे कारण न सापडणारे आवाज येऊ लागले की प्रथम जोड काढून ओ-रिंगा नखाने हळूच फिरवून पाहाव्यात. त्या चपट्या, कडक, फुगलेल्या किंवा भेगाळलेल्या असतील तर दोन्ही एकदम बदलाव्यात.

बाजारात हायड्रॉलिकच्या डब्यातली तेवढ्याच मापाची ओ-रिंग सहज मिळते आणि ती बसतेही. पण टॉर्चच्या ओ-रिंगेला डीए, म्हणजे ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या ॲसिटिलीनच्या, सिलिंडरमधून येणाऱ्या ॲसिटोनच्या वाफेला आणि एलपीजीला, दोहोंना तोंड द्यावे लागते. एका द्रवात टिकणारे रबर दुसऱ्यात फुगते. ज्यांना हँडलचे आयुष्य वाढवायचे आहे त्यांनी कंपनीच्या ओ-रिंगांचे एक पाकीट हँडलबरोबरच घेऊन ठेवावे. ओ-रिंग असलेला जोड हाताने आवळायचा असतो. त्याला पाना लावला की ओ-रिंग चिरडते आणि डोक्याचे आटे ताणले जातात. ज्या जोडांत ओ-रिंग नसून केवळ धातूचा शंकू असतो त्यांना मात्र पाना लागतो, म्हणून आपल्या टॉर्चची रचना कोणती हे माहीत असायला हवे. जोड काढलेले हँडल तसेच बाकावर फेकून ठेवू नये. डोक्यातल्या बैठकीवर पडलेला एक ओरखडा ओ-रिंग बदलून भरून निघत नाही.

फटफट आणि आत शिरलेली ज्योत

नोझलच्या तोंडाशी ज्योत टिकून राहते ती एका साध्या तोलामुळे: मिश्रण बाहेर येण्याचा वेग ज्योत मागे धावण्याच्या वेगाहून अधिक असतो. मिश्रणाचा वेग कमी झाला की ज्योत आत शिरते. ॲसिटिलीन आणि ऑक्सिजन यांची ज्योत एलपीजीच्या ज्योतीपेक्षा कितीतरी वेगाने धावते, म्हणून डीएवर काम करणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. मिश्रणाचा वेग कमी होण्याची कारणे मात्र बहुतेक वेळा हँडलच्या बाहेरची असतात. नोझलच्या छिद्रावर वितळलेल्या लोखंडाचे थेंब चिकटलेले असतात, नोझल प्लेटला टेकवली जाते, डोक्यात ती सैल बसलेली असते, कोपऱ्यात ब्रेझिंग करताना परतणाऱ्या उष्णतेने ती लाल होते, किंवा गॅस वाचवण्याच्या विचाराने दाब नोझलच्या गरजेपेक्षा कमी ठेवलेला असतो. १२ मिलिमीटर प्लेट ३/६४ इंची नोझलने कापताना ऑक्सिजनचा दाब साधारण २ बार लागतो, २५ मिलिमीटरला १/१६ इंची नोझल आणि पावणेतीन बारच्या आसपास दाब लागतो. कंपनीच्या तक्त्यातून हे आकडे घेऊन सिलिंडरच्या ट्रॉलीवर रंगवून ठेवणे फार उपयोगाचे आहे. ॲसिटिलीनचा दाब मात्र कोणत्याही कारणाने १ बारच्या वर नेऊ नये. त्या दाबाच्या पुढे तो वायू ऑक्सिजनशिवायही फुटू शकतो.

एकच फट् होऊन ज्योत विझली तर हँडलचे फारसे नुकसान होत नाही. ज्योत आत शिरून तेथेच जळत राहिली तर बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, नोझलमधून काळा धूर निघतो आणि हँडल काही सेकंदांत तापते. अशा वेळी ऑक्सिजनची चावी प्रथम आणि लगेच गॅसची चावी बंद करावी, नंतर सिलिंडर बंद करावेत. पाण्यात बुडवून, थंड करून पुन्हा ज्योत लावण्याची घाई करू नये. आत जळणारी ज्योत मिश्रणाच्या नळीत काजळी धरते, ओ-रिंगा जाळते, आणि हँडलच्या आतले चांदीच्या सळईचे सांधे मऊ करते. असे हँडल वरून धडधाकट दिसते, पण आतला सांधा सुटलेला असेल तर दोन्ही वायू मुठीखालीच मिसळू लागतात. डोक्यात काजळी, बाहेर पितळेचा रंग पालटलेला आणि दाबाच्या चाचणीत काटा उतरलेला, या गोष्टी एकत्र दिसल्या तर ते हँडल दुरुस्त न करता मोडीत काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हँडलच्या आकाराचा संबंधही येथेच येतो. ब्रेझिंगसाठी बनवलेल्या हलक्या हँडलवर लोखंड तापवण्याची मोठी, अनेक छिद्रांची नोझल लावली, तर हँडलच्या बारीक वाटांतून तिला पुरेल इतका वायू येऊ शकत नाही, मिश्रण मंदावते आणि ज्योत आत शिरते. कधी हँडल पुरेसे असते पण सिलिंडर पुरा पडत नाही. डीए सिलिंडरमधून तासाला त्यातील वायूच्या सातव्या हिश्शाहून अधिक ओढू नये असा संकेत आहे, म्हणजे ७ घनमीटरच्या सिलिंडरमधून तासाला १ घनमीटर. त्याहून अधिक ओढले, किंवा सिलिंडर आडवा ठेवून वापरला, तर वायूबरोबर ॲसिटोनही निघून येतो, आणि हाच ॲसिटोन नळीचे अस्तर व हँडलच्या ओ-रिंगा खातो. ज्या वर्कशॉपमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी ओ-रिंगा फुगलेल्या सापडतात, तेथे हँडल बदलण्याऐवजी दोन सिलिंडर एकत्र जोडण्याची रीतसर सोय करून घ्यावी.

एलपीजी वापरणाऱ्यांसाठी

दर परवडत नाही म्हणून कटिंगसाठी अनेकांनी डीए सोडून एलपीजी धरला आहे, आणि ते योग्यही आहे. परंतु जुनेच हँडल, जुनीच नळी आणि जुनीच नोझल ठेवून केवळ सिलिंडर बदलला तर त्रास होतो. एलपीजीची नोझल दोन भागांची असते आणि ॲसिटिलीनची अखंड. एकीच्या जागी दुसरी लावली तर ज्योत नोझलपासून सुटते किंवा आत शिरते. ॲसिटिलीनच्या समतोल ज्योतीला जवळपास त्याच्याइतकाच ऑक्सिजन सिलिंडरमधून लागतो, एलपीजीला मात्र सुमारे चौपट लागतो. म्हणून एलपीजीसाठी हँडल घेताना ऑक्सिजनची वाट आणि नळी पुरेशी मोठी आहे का हे पाहावे. १९ किलोच्या सिलिंडरवर मोठी नोझल चालवताना सिलिंडरला बाहेरून दव आणि बर्फ धरू लागले की आतला दाब उतरत आहे असे समजावे, कारण द्रवाची वाफ होण्याचा वेग मागणीला पुरत नाही. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर वर्कशॉपमध्ये वापरणे कायद्याने मना आहेच. शिवाय स्वयंपाकघरातल्या रेग्युलेटरमधून मिळणारा दाब ३० मिलिबारच्या आसपास असतो आणि त्यावर कटिंगची टॉर्च सुरक्षित चालत नाही.

नळीचा विचार येथे थोडा अधिक करायला हवा, कारण हँडलच्या बिघाडाचे हे सर्वांत दुर्लक्षित मूळ आहे. केवळ ॲसिटिलीनसाठी असलेल्या नळीचे आतले रबर एलपीजीने सुटू लागते आणि त्याचे बारीक पापुद्रे हँडलच्या सुईवर जाऊन अडकतात. सुईवरचा आडवा ओरखडा अनेकदा येथून येतो. नव्या नळीत आतून पांढरी भुकटी असते. नळी टॉर्चला जोडण्यापूर्वी रेग्युलेटरच्या बाजूने थोडा झोत सोडून ती बाहेर काढावी, ऑक्सिजनची नळी ऑक्सिजनने आणि गॅसची नळी मोकळ्या हवेत, आगीपासून दूर. फाटलेली नळी जोडताना तांब्याच्या नळीचा तुकडा घालणे तर अत्यंत धोक्याचे आहे. एसी-फ्रिजच्या कामात तांब्याचे तुकडे हाताशी असतात म्हणून तेथे हा मोह होतो. पण तांबे आणि ॲसिटिलीन यांचा संयोग होऊन बनणारे संयुग धक्क्याने स्फोट पावते. याच कारणाने ॲसिटिलीनच्या संपर्कात येणाऱ्या पितळात तांब्याचे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली ठेवलेले असते.

नवे हँडल घेताना

आता निवड. पहिला प्रश्न कामाच्या प्रमाणाचा. दिवसभर प्लेटच कापायच्या असतील तर जोड बदलता येणारे हँडल घेऊच नये. तीन नळ्यांचा अखंड कटर घ्यावा, कारण त्यात बदलत्या जोडाचा सांधा आणि त्याच्या ओ-रिंगा नसतात, आणि डोके हातापासून लांब राहते. ब्रेझिंगच अधिक आणि कटिंग क्वचित असेल तर मध्यम आकाराचे हँडल हाताला सोसते. तांब्याच्या बारीक नळ्यांचे काम करणाऱ्याने लहान हँडल घ्यावे, पण त्यावर पुढे कटिंगचा जोड लावण्याचा विचार असेल तर त्या हँडलची क्षमता कंपनीच्या तक्त्यात आधी पाहावी. किती जाडीपर्यंत कापते आणि कोणत्या मापाच्या नोझलपर्यंत चालते, हे दोन आकडे न सांगणाऱ्या दुकानदाराकडून हँडल घेऊ नये.

दुसरा प्रश्न सुट्या भागांचा, आणि माझ्या मते टिकाऊपणाचा निर्णय येथेच होतो. कोणत्याही हँडलची सुई, पॅकिंग आणि ओ-रिंगा कधी ना कधी झिजणारच. त्या सुट्या मिळत असतील तर हँडल दहा वर्षेही वापरता येते, आणि मिळत नसतील तर उत्तम पितळाचे हँडलही पहिल्या सुईबरोबर संपते. मुंबईच्या नागदेवीत किंवा पुण्याच्या बोहरी आळीत हँडल घेताना त्याच मापाची सुई आणि ओ-रिंगेचा संच दुकानात आत्ता आहे का, असे विचारावे आणि दाखवायला सांगावे. ‘मागवून देतो’ हे उत्तर पुरेसे मानू नये.

तिसरा प्रश्न बांधणीचा. अंग घडवलेल्या पितळाचे असावे. ओतीव पितळात बारीक छिद्रे राहण्याची शक्यता असते. मागचे आटे स्वच्छ, पूर्ण उंचीचे असावेत आणि नट हाताने शेवटपर्यंत अडखळल्याशिवाय जावा. डोक्यातली शंकूची बैठक आरशासारखी गुळगुळीत हवी. मोबाईलच्या उजेडात त्यात कापण्याच्या हत्याराचे कडे दिसत असतील तर ते हँडल ठेवून द्यावे. चावी उघडत असताना तिचे टोक डोलत असेल तर आट्यांत मोकळीक जास्त आहे आणि दांडी बैठकीवर तिरकी बसणार आहे. सुईच्या टोकाला स्टेनलेसची फिरती गोळी असलेली रचना मिळाली तर तिला मी प्राधान्य देईन, कारण ती बैठकीवर घासत नाही. आय.एस.ओ. ५१७२ या मानकाचा उल्लेख, उत्पादकाचे नाव आणि चाव्यांवर ऑक्सिजनसाठी निळी व गॅससाठी लाल खूण, या गोष्टी अंगावर कोरलेल्या किंवा पक्क्या बसवलेल्या असाव्यात. केवळ खोक्यावर छापलेल्या मानकावर विसंबू नये.

चाव्या पुढे असाव्यात की मागे, यावर कामगारांत मतभेद असतात. पुढच्या चाव्या अंगठ्याने फिरवता येतात आणि ब्रेझिंगमध्ये ज्योत सतत लहान-मोठी करावी लागते तेव्हा त्या फार सोयीच्या पडतात. पण त्या ज्योतीच्या जवळ असतात आणि जाड प्लेट कापताना तापतात, त्यामुळे पॅकिंग लवकर जाते. मागच्या चाव्या थंड राहतात, मात्र नळीच्या ओढीने त्यांना धक्के बसतात. ब्रेझिंग अधिक असेल तर पुढच्या, कटिंग अधिक असेल तर मागच्या, असे मी सुचवेन.

हँडलच्या मागच्या बाजूला उलटा प्रवाह अडवणारे झडपयुक्त जोड आणि रेग्युलेटरच्या बाजूला फ्लॅशबॅक अरेस्टर (नळीत मागे धावणारी ज्योत अडवणारे साधन), हे दोन्ही नव्या हँडलबरोबरच घ्यावेत. झडप उलटा प्रवाह थांबवते, ज्योत थांबवत नाही. ज्योत थांबवणारा अरेस्टर वेगळा असतो आणि त्यासाठी आय.एस.ओ. ५१७५ हे मानक आहे. काही हँडलांत दोन्ही अंगभूत असतात, पण त्याने हँडल जड होते आणि आतला भाग बदलणे कठीण जाते, म्हणून सुटे बसवणे मला अधिक बरे वाटते. अरेस्टरची वायू सोडण्याची क्षमता मोठ्या नोझलला पुरेल अशीच घ्यावी. लहान अरेस्टर लावला की प्रवाह कोंडतो आणि ज्या फटफटीपासून संरक्षण हवे होते तीच वाढते. एकदा ज्योत अडवलेला अरेस्टर तपासल्याशिवाय पुन्हा वापरू नये.

बसवताना आणि पहिले काही आठवडे

नवे हँडल बसवण्यापूर्वी हाताला आणि पान्याला तेल नाही ना, हे पाहावे. दोन्ही नळ्या आतून झटकून घ्याव्यात, टोकाला तारेने आवळलेले सांधे असतील तर ते काढून क्लिपा लावाव्यात, आणि मागचे नट योग्य मापाच्या पान्याने आवळावेत. पाइप पान्याने नटाच्या कडा गोल होतात आणि पुढच्या वेळी तो सुटत नाही. ज्योत लावण्यापूर्वी एकेक चावी काही क्षण उघडून त्या त्या नळीतला मिश्र वायू बाहेर जाऊ द्यावा. फ्लॅशबॅकच्या पुष्कळ घटना रात्रभर बंद राहिलेली टॉर्च सकाळी तशीच पेटवताना होतात. ज्योत लावायला ठिणगीचा लायटर वापरावा, काडेपेटी नव्हे.

चावी बंद करण्याविषयी वर्कशॉपमधल्या प्रत्येकाला, विशेषतः नव्या हेल्परला, हँडल हातात देऊन प्रत्यक्ष दाखवावे: बोटांच्या चिमटीत बंद होते तेथे थांबायचे. तरीही गॅस येत राहिला तर जोर लावायचा नाही, सांगायचे. टॉर्च नळीला धरून ओढायची नाही, नोझलने प्लेटवरचा गंज किंवा खपली ठोकायची नाही, आणि नोझलची छिद्रे योग्य मापाच्या सुईनेच, सरळ आत-बाहेर करून साफ करायची. सुई गोल फिरवली तर छिद्र मोठे होते आणि ज्योत वाकडी येते.

नव्या पॅकिंगचे पहिल्या काही आठवड्यांत थोडे दबणे स्वाभाविक आहे, म्हणून साधारण महिन्याभराने दोन्ही चाव्यांच्या दांड्यांना पुन्हा फेस लावून पाहावा आणि गरज असेल तर ग्लँड नट एक-अष्टमांश फेरा आवळावा. त्यानंतर दर आठवड्याला गेजच्या काट्याची चाचणी आणि दर तीन महिन्यांनी ओ-रिंगांची तपासणी करावी, आणि प्रत्येक वेळी काय बदलले ते तारखेसह ट्रॉलीवरच्या वहीत लिहावे. वर्षभराने तीच ओ-रिंग किंवा तीच सुई वारंवार बदललेली दिसली, तर दोष हँडलमध्ये न शोधता त्या बाजूच्या नळीत, रेग्युलेटरमध्ये आणि सिलिंडरच्या वापरात शोधावा.